न हललेला माणूस

दौलत मेश्राम हलत नसे. बसला की बसला. दवनीवाडा रस्त्यावरच्या त्या राइस मिलच्या मागच्या गेटापाशी पत्र्याच्या सावलीत एक लोखंडी स्टूल होतं. त्याला पाठ नव्हती, हात नव्हते. त्यावर हा माणूस दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवून, मान ताठ करून, बांधावरच्या बगळ्यासारखा बसलेला असे. गालावर माशी बसली तरी हात वर जात नसे. सांडलेले तांदूळ टिपणारी एक चिमणी त्याच्या चपलेवर चढून पलीकडे उतरलेली मी स्वतः पाहिली आहे. हमाल त्याला ‘बगळा’ म्हणत, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची छाती कोणाचीच नव्हती, कारण दौलतभाऊचं शरीर जेवढं गप्प, तेवढी त्याची जीभ तिखट.

हा माणूस मला आवडत नव्हता. हे आधीच सांगून टाकतो. मेलेल्या माणसावर लिहिताना जो तो गहिवरून दाखवतो, आणि मला तरी तो हक्क नाही.

त्याला कोणाचंच काही पटत नसे. सगळा गोंदिया खर्रा खातो, हमाल सुपारी-तंबाखू घोटत उभे दिसले की हा स्टुलावरून म्हणायचा, “दिवसभर हात घासून राहिले. काम कवा करतीन?” मुनीम सारखा मोबाइलमध्ये बघायचा, तर म्हणे, “मुनीमच्या हातात मोबाइल नाई, मोबाइलच्या हातात मुनीम हाये.” सेठजींनाही सोडत नसे. “सेठ गाडीतून उतरते तवा पहिले पोट उतरते, मंग सेठ.” जो माणूस विनाकारण हलतो तो दौलतभाऊच्या लेखी अर्धा माणूस. मी तर पाव असेन. माझ्या हातात सतत काही ना काही चाळा, कधी वायर, कधी पेचकस. पहिल्याच दिवशी त्याने मला नाव ठेवलं, ‘इंजिनेर’. मी इंजिनियर नव्हतो. टीव्ही दुरुस्त करता करता कॅमेऱ्याच्या धंद्यात शिरलो होतो, आणि हे त्याला न सांगता कळलं होतं.

एकदा त्याची सायकल पंक्चर झाली म्हणून मी त्याला गाडीवर घरी सोडलं. सायकलने अर्ध्या तासावरचं गाव. गावाबाहेर त्याची टोली, दहा-पंधरा बौद्ध घरं आणि मध्ये एक छोटंसं विहार. घरात शिरताच समोर भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्या खाली जरा बाजूला एक जाड खिळा. त्या खिळ्यावर चाव्यांचा घोस. धानाची कापणी झाली की टोलीतली निम्मी घरं मजुरीला बाहेर पडत, कोणी नागपूरला, कोणी पार हैदराबादकडे; जाताना घराची चावी दौलतभाऊकडे. विहाराची चावीही तिथेच. एकाही चावीला चिठ्ठी नव्हती, दोरा नव्हता.

“ओळखता कशा?” मी विचारलं.

“तुमाले तुमचे लेकरं चिठ्ठी लावून ओळखू येतेत का?”

मग पाणी पुढे करत म्हणाला, “लोकाची चावी ठेवनं सोपं नाई, इंजिनेर. खिळ्यावर हाये तवरक तिकडं पायाचं बी नाई.” आणि खरोखरच त्या भिंतीकडे पाठ करून बसला. त्या माणसाची सगळी कमाई त्या खिळ्यावर होती. ती मी घालवली. कशी, ते सांगतो.

दोन हजार दहाच्या मागेपुढे आमच्याकडच्या मिलवाल्यांना कॅमेऱ्याचं वेड लागलं. एकाने लावले म्हणून दुसऱ्याला हवे, पाहायचं काय हे कोणालाच ठाऊक नाही. आमच्या सेठजींनी चार लावून घेतले. त्यातला एक मागच्या बाजूला, डावीकडे गेट आणि दौलतभाऊचं स्टूल, उजवीकडे कडुलिंब, ताडपत्रीखाली रचलेली पोती आणि त्यामागे सुट्या भागांच्या खोलीचं दार. या कॅमेऱ्याचं बटण गेटाच्या पत्र्याखालीच होतं, स्टुलापासून हातभर अंतरावर. हे लक्षात ठेवा.

सेठजींनी रेकॉर्डरमध्ये टाकायला सगळ्यांत लहान डिस्क घेतली होती. तिच्यात चार कॅमेऱ्यांचं दिवसरात्रीचं चित्र चार दिवसही मावलं नसतं. म्हणून मी ‘मोशन’ लावलं. म्हणजे चित्रात काही हललं तरच यंत्र ते साठवणार, नाही तर झोपणार. सेठजींना मात्र मी सांगितलं, “चोवीस तास चालू.” कॅमेरा चालू असतो, तेव्हा ते खोटंही नव्हतं. माझ्या धंद्याचा सगळा प्रामाणिकपणा इतपतच.

मोशन लावलं की चित्रावर गणिताच्या वहीसारखी चौकडी येते. जे चौकोन लाल केले तिथली हालचाल यंत्र पकडतं. जे पुसले तिथे काहीही होवो, त्याला कळत नाही. शिवाय किती हललं म्हणजे हललं, तेही ठरवून द्यावं लागतं. ते ठरवायला स्वतः चित्रात चालून पाहायचं असतं. मी अंगणात इकडून तिकडे चालत होतो, हात हलवत होतो, वाकत होतो, आणि सेठजींच्या केबिनमधल्या रेकॉर्डरचा बजर वाजतो का ते ऐकत होतो. दौलतभाऊ स्टुलावरून पाहत होता.

“इंजिनेर, लगन कोनाचं हाये?”

“काका, टेस्टिंग आहे. हललं की यंत्राला कळतं.”

“आन् जो बसून राह्यला त्याचं?”

“बसलेल्या माणसाला कशाला पाहायचं? बसलेला काय चोरणार?” मी म्हणालो. हमाल हसले. मलाही माझा विनोद आवडला.

तो हसला नाही. “म्हनजे हा डबा फक्त नाचनाऱ्यालेच पायते,” एवढंच म्हणाला.

दोन दिवसांत सेठजींचा फोन. “अरे, ये क्या मंदिर की घंटी लगा के गए हो? दिनभर टूं-टूं!” गेलो. वाऱ्याने कडुलिंब हलतो, बजर. ताडपत्री फडफडते, बजर. कोंडा उडतो, चिमण्या उतरतात, बजर. चांगल्या कारागिराने अशा वेळी कॅमेऱ्याची जागा बदलली असती, ताडपत्री आवळून बांधायला लावली असती. मी माऊस धरला आणि चित्राची उजवी बाजू पुसून टाकली. कडुलिंब, ताडपत्री आणि तिच्यामागचं दारसुद्धा. उरलेल्या भागातली यंत्राची जाणीव इतकी कमी केली की चिमण्या काय, कुत्रंही नीट पकडलं गेलं नसतं. बजर गप्प झाला. सेठजी खूष. “अब सही है!”

त्याच खुषीत मी आणखी एक शहाणपणा केला. दौलतभाऊ दर थोड्या वेळाने उठून मिलला एक फेरी मारून यायचा. मी सेठजींना म्हणालो, “आता फेरीची गरज नाही. मागचं सगळं कॅमेरा बघतो. ह्यांना गेटावरच बसू द्या.” सेठजींनी हुकूम दिला.

दौलतभाऊ माझ्याकडे आला. पहिल्यांदाच तो स्टूल सोडून माझ्याशी बोलायला आला होता. “इंजिनेर, गेटावर मी हाओच. डबा मांगं लावा, खोलीच्या दारावर. दोघानं एकच जागा कायले पायाची?”

“तिकडचंही दिसतं, काका. तुम्ही आरामात बसा.”

“आरामाले मी घरी बी बसलो असतो,” तो म्हणाला. परत जाऊन बसला, आणि त्यानंतर सांगितल्याप्रमाणे उठला नाही.

उन्हाळ्यातला मंगळवार होता, मिलच्या सुटीचा दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी सुट्या भागांच्या खोलीचं कुलूप तुटलेलं सापडलं. धान भरडायच्या यंत्राचे नवेकोरे रबर रोल आणि एक मोटर गायब. मला बोलावणं आलं. सेठजी, मुनीम आणि दारात दौलतभाऊ, सगळ्यांसमोर मी मंगळवारचं रेकॉर्डिंग लावलं. दुपारी एकच्या सुमारास दौलतभाऊ लोट्याने पाणी पितो, लोटा खाली ठेवतो, हात गुडघ्यांवर घेतो. आणि पुढचं चित्र एकदम तीनच्या नंतरचं, तो गेट उघडायला उठतोय. मधले दोन तास नाहीत.

मला तत्क्षणी कळलं. सुटीचा दिवस, अंगणात कोणी नाही, आणि जो होता तो दौलत मेश्राम. तो हललाच नाही, म्हणून यंत्राने त्याला साठवलं नाही. आणि चोर मागच्या भिंतीवरून, मी पुसलेल्या चौकोनांतून, निवांत आले आणि गेले.

सेठजी म्हणाले, “दो घंटे कैमरा बंद? बटन तो इसी के पास है.”

“मी बटनाले हात नाई लावला,” दौलतभाऊ म्हणाला. “मी जागचा उठलोच नाई.”

“तो फिर दिखता क्यों नहीं?” सेठजी माझ्याकडे वळले. “तुम बोलो. चौबीस घंटे बोले थे ना? बंद था कि नहीं?”

चार शब्द होते. सेठजी, माझं सेटिंग चुकलं. ते तोंडापर्यंत आले होते असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो, तेही खोटं. ते पोटातसुद्धा नव्हते. माझ्या डोक्यात सेठजींच्या भावांच्या मिल होत्या, ज्यांचं काम मला मिळणार होतं. मी म्हणालो, “रेकॉर्डिंग नाही म्हणजे… बंदच असणार.”

दौलतभाऊ पडद्याकडे वळला. अंगठा उठवायच्या लायकीचा, असं ज्याला मी मनात म्हणत होतो, तो माणूस माझ्यापेक्षा आधी मुद्द्यावर आला. “सेठजी, हा डबा नाचनाऱ्यालेच पायते. इंजिनेरनंच सांगतलं होतं. मी आता जाऊन बसतो, घंटाभर. मुनीमजी बटनापाशी उभे राहतीन, मांगं, चित्रात नाई. डब्यात मी दिसलो तर मी खोटा. नाई दिसलो तर डबा आंधरा.”

सेठजींना गंमत वाटली. “चल, बैठ.”

आता खरं ते लिहितो. तो गेटाकडे चालत जात होता तेव्हा मी म्हणालो, “मशीन एकदा चेक करून घेतो,” आणि सेठजी-मुनीम अंगणात असताना केबिनमध्ये एकटा गेलो. केबिनमध्ये देव होते म्हणून चपला बाहेर काढाव्या लागत, त्या काढल्या. ‘मोशन’वरची खूण काढली आणि ‘सतत’वर ठेवली. माऊसच्या दोन टिचक्या. आता भिंतीसारखा बसला तरी तो साठवला जाणार होता.

तासभर तो बसला. सूर्य वर आला, पत्र्याची सावली त्याच्या पायांवरून मागे सरकली. तो सरकला नाही. त्या दिवशी तो पोटासाठी नाही, नावासाठी बसला होता. मी इतका नीट बसलेला माणूस पुन्हा पाहिलेला नाही.

मग मी रेकॉर्डिंग लावलं. अख्खा तास. कुठे खंड नाही. सेठजींनी पुढे पळवून पाहिलं. सावली सरसर सरकत होती आणि डावीकडे दौलतभाऊ जसाच्या तसा. सेठजी हसले, “लो! सब तो दिखता है!”

मागचा कुठलाही मंगळवार काढून पाहिला असता तरी असेच खड्डे दिसले असते. कोणाला सुचलं नाही. मला सुचलं होतं.

दौलतभाऊने स्वतःला पडद्यावर पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच. मग माझ्याकडे पाहिलं. “बराबर हाये,” म्हणाला. “मीच हाओ.” गळ्यातली शिटी काढली, जाऊन स्टुलावर ठेवली आणि सायकल घेऊन निघाला. सेठजींनी पोलिसांत कळवलं नाही. “छोड़ो, पुराना आदमी है,” असं मोठेपणाने म्हणाले. त्या मोठेपणाने टोलीत जे व्हायचं ते झालं. कळवलं असतं तर निदान कोणी शोधलं असतं. न कळवल्यामुळे सगळ्यांनी मानूनच टाकलं.

पुढची कापणी झाल्यावर दौलतभाऊच्या गावचा एक हमाल मला हसत सांगत होता, “बगळ्याचा खिळा रिकामा झाला.” लोकांनी भांडण केलं नाही. एकेक जण आला, चहा प्यायला आणि चावी मागून घेऊन गेला. कोणी म्हणे, “भाऊ, औंदा सासू राहून राहिली घरी.” कोणी म्हणे, “नवं कुलूप घेतलं.” विहाराची चावी न्यायला दोघे आले, एकट्याला अवघड वाटलं म्हणून. हमालाबरोबर मीही हसलो. काय करणार, तो हसत होता.

सेठजींच्या भावांच्या दोन्ही मिलचं काम मला मिळालं.

दोन-तीन वर्षांनी कोहमाऱ्याला एका ढाब्यावर कॅमेरे लावायला गेलो. समोर ट्रकांची रांग आणि तिच्या टोकाला, निंबाखाली, प्लास्टिकच्या खुर्चीवर दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवून दौलतभाऊ. ट्रकवाले जेवतात तोवर ताडपत्र्या आणि टायर राखायचं काम. मी परत फिरणार होतो. पण न हलणाऱ्या माणसाला पळणारा आधी दिसतो.

“या इंजिनेर. इथं बी नाचता का?”

मी जवळ जाऊन उभा राहिलो. “दौलतभाऊ, त्या दिवशी…”

“तुमी आत गेलते,” तो शांतपणे म्हणाला. “चपला काढून. बाहेर आले तवा उलट्या पायात घातल्या, आन् माह्याकडं पाह्यलं नाई. मले तवाच समजलं.”

मी विचारलं, “मग बोलला का नाहीत?”

“कोनाले बोलू? सेठ डब्याले मानते, डबा तुमाले मानते.”

“मी सांगतो सेठजींना. आता सांगतो. टोलीत येऊन सांगतो.”

“कायले?” तो पहिल्यांदाच हसला, आणि ते हसणं शिवीपेक्षा वाईट होतं. “तुमी नाई सांगनार. मी चोर पाह्यले हाओ, इंजिनेर. तुमी चोर बी नाई. चोराले हिंमत लागते.”

एवढं बोलून त्याने नजर ट्रकांकडे वळवली. मी तिथे उभा आहे की गेलो, हे त्याने पुन्हा पाहिलं नाही. आणि त्याचं खरं ठरलं. मी सांगितलं नाही, ना सेठजींना, ना टोलीत. पुढे सेठजी वारले, मिल विकली गेली, आणि मला वाटलं, चला, आता सांगायला माणूसच उरला नाही.

मग दौलतभाऊ गेला. तोच हमाल बातमी घेऊन माझ्या दुकानात आला. मी त्याच्या घरी गेलो. का गेलो ते मला अजून नीट सांगता येणार नाही. त्याचा मुलगा मिलिंद मोठा झाला होता. बाहेर खाटेवर बसून बोलत होतो. तो म्हणाला, “बाबाचा फोटोच नाई, साहेब. एक राशन कार्डासाठी काढला होता, त्यात डोरे मिटले. आता पुण्यानुमोदनाले लोक येतीन तर ठेवाचा काय?”

माझ्याकडे होता. एक तास होता. सेठजींनी त्या दिवशी ‘सबूत’ म्हणून नक्कल काढून ठेवायला सांगितली होती आणि ती माझ्या संगणकात तशीच पडून होती. रोज संगणक उघडत होतो, ती कधी पुसली नाही, कधी उघडलीही नाही. त्या दिवशी उघडली. साधारण मध्यावर त्याचा चेहरा पूर्ण उजेडात आला होता. डोळे उघडे, थेट कॅमेऱ्याकडे. तेवढं चित्र काढून मिलिंदला दिलं.

“कुठचा हाये हा?”

“मिलमधला. जुना,” मी म्हणालो.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी गेलो तेव्हा फोटो चौकटीत बसवून भिंतीवर लावलेला होता. बुद्धाच्या तसबिरीखाली जरा बाजूला, त्याच खिळ्यावर. कोपऱ्यातली तारीख आणि वेळ स्टुडिओवाल्याने कापून टाकली होती. लोक येऊन फुलं ठेवत होते. चाव्या परत नेणारेही त्यांत असतीलच. एक म्हातारी फोटोकडे पाहून म्हणाली, “कसा बसला हाये पाहा, जसाच्या तसा.” मिलिंद प्रत्येकाला सांगत होता, “हा फोटो इंजिनेर साहेबानं देल्ला.” त्याने माझ्यासाठी वेगळा चहा करून आणला. मी घेतला. तो पूर्ण प्यायलो.

हे लिहिलेलं पान मी मिलिंदच्या हातात देणार आहे, आणि तो म्हणेल तर टोलीत उभा राहून वाचणार आहे. फोटो ठेवायचा की काढायचा, ते त्याने ठरवावं. मला फक्त त्या दिवशी केबिनमध्ये जे बोलायचं होतं ते बोलायचं आहे. मंगळवारी दुपारी कॅमेरा बंद नव्हता. दौलत मेश्रामने बटणाला हात लावला नाही. तो गेटावरच होता, आणि जागचा हलला नाही.